वाफ्याचा चौथा कोपरा

३ मार्च

फळ्या आल्या! बारा सांगितल्या होत्या, दहा आल्या, आणि त्यातल्या एकीनं चांगलाच पीळ घेतलेला. वखारवाला म्हणतो, "आत मातीच भरणार ना काका? मग चालतंय की." चालतंय! चाळीस वर्षं शाळांची बाकं केली मी. पोरं त्यांच्यावर नाचली, पण एक बाक डुगडुगलं नाही. मातीला दिसत नाही म्हणून काय वाकडं ठोकायचं?

वाफे बारकीसाठी करतोय. धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची घोडी झाली तरी मला बारकीच. दोन्ही किडन्या गेल्यात तिच्या. दीड वर्ष झालं माझ्याकडे राहायला येऊन, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो आणि आणतो. तिला खाली बसवत नाही. वाकलं की गरगरतं. डाव्या हातानं काही उचलायचं नाही, त्या हातात फिस्टुला आहे — सुया टोचायला करून ठेवलेली जाड शीर. म्हणून वाफे जमिनीवर नाहीत, कमरेइतके उंच. स्टुलावर बसून मातीत हात घालता आला पाहिजे.

"काय लावायचं?" म्हटलं.

"बटाटे."

"अगं, तुला बटाटे चालत नाहीत!" पोटॅशियम. आहाराच्या यादीत बटाट्यावर लाल रेघ आहे.

"खायला चालत नाहीत. लावायला कोण नको म्हणतंय?"

बसस्टँडवर तिकीट खिडकीत तीस वर्षं बसलेली बाई. कोणाला जन्मात दोन वाक्यं बोलू दिली नाहीत. कुठे? किती? सुटे द्या. पुढे!

५ मार्च

कुंपणापलीकडच्या पोस्टमननी बेणं दिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याखेरीज उद्योग नाही, पण बटाट्यातलं कळतं. अंड्यांच्या पुठ्ठ्यावर बटाटे मांडायचे, डोळे वर करून, उजेडात, उन्हात नाही. पंधरा दिवसांत मोड येतात. मोठे असतील ते कापायचे, पण दर तुकड्याला निदान दोन डोळे हवेत. काप दोन दिवस सुकू द्यायचा. ओला पुरला की सडलाच म्हणून समजा.

बारकीनं पुठ्ठा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. जाता येता बघते.

७ मार्च

रक्त देऊन आलो. कोणाला सांगितलं नाही.

कसं झालं ते लिहून ठेवतो. परवा डायलिसिसनंतर बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. कधी टेकत नाही ती. तोंड उघडं, घोटे सुजलेले. यादीत नाव आहे तिचं, पण यादी म्हणजे मारुतीचं शेपूट. मला काय झालं कुणास ठाऊक, आज सकाळी उठलो आणि सरळ हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण विभागात जाऊन उभा राहिलो. तिथल्या बाई फार नीट बोलल्या. आठ नळ्या रक्त!

घरी आलो तर दंडावरचा कापूस तिला दिसलाच. "रक्त कशाला दिलंस?"

"साखर तपासायला," म्हटलं.

"बरं केलंस. आईला होती."

तिथंच खरं सांगितलं असतं तर? पण जुळलं नाही तर उगाच आशा लावल्यासारखं होईल, असं वाटलं. तेव्हा तरी खरंच तसं वाटलं.

१४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. इथं तरी.

सकाळपासून पहिल्या वाफ्याला लागलो होतो. तीन कोपरे झाले, गुण्या लावून बघितला, काटकोन पक्का. चौथ्या कोपऱ्यात ती पीळवाली फळी. रंधा मारला, दाबपट्टी लावली, दोनदा स्क्रू काढून पुन्हा घातले. बोटभर फट राहातेय ती राहातेयच. तोंडानं आमची आरती चालू होतीच — वखारवाल्याची, त्याच्या बापाची, झाडाची.

अकराला फोन. त्या बाई. "जुळतंय हो! फार छान जुळतंय. अजून काही तपासण्या करू, पण अडचण दिसत नाही." मग म्हणाल्या, "ताईंना आम्ही काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, तुमच्या सवडीनं. नको वाटलं तरी आम्हाला तसं कळवा. तुमचं नाव कुठे निघणार नाही." मी फक्त हो, हो, बरं, एवढंच बोललो. बारकी स्वयंपाकघरात होती. दार उघडं.

बाहेर आलो. पुन्हा त्या कोपऱ्यापाशी बसलो. दोन स्क्रू ओठात, डोक्यात काहीच नाही, नुसती ती फट दिसत होती.

मागून तिचा आवाज आला — "जुळलं का?"

मी मान न वळवता म्हटलं, "नाही गं. नाही जुळत."

"बरं," म्हणाली, आणि आत गेली.

मग ओठातले स्क्रू हातात घेतले आणि एकदम लख्ख झालं. ती फोनचं विचारत होती! सगळं ऐकलं होतं तिनं. कापूस बघून तेव्हाच ओळखलं असणार. आणि मी नाही म्हणून बसलो.

उठून आत जायला हवं होतं. "अगं, कोपऱ्याचं बोलत होतो." चार शब्द. उठलो नाही. गुण्या हातात धरून बसून राहिलो. आणि खरं लिहायचं तर — सुटल्यासारखं वाटलं. छातीवरून कोणीतरी पोतं उचललं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं तसं.

संध्याकाळी ती ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. मी दारातूनच मागे फिरलो.

१५ मार्च

सांगितलं नाही.

१६ मार्च

आजही नाही. वखारीतून नवी फळी भांडून आणली. कोपरा झाला. आता बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

१९ मार्च

चहात साखर नाही! कालही नव्हती. काल वाटलं विसरली. आज कप तसाच ठेवला तर म्हणते, "पी मुकाट्यानं." बोलत काही नाही, असा राग काढतेय. मी पिऊन टाकला. माझी तेवढीच लायकी आहे.

डायलिसिसला तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं चित्रकलेचे मास्तर असायचे, बारकीशी सुयांवरून पैज लावायचे — आज कोणाला कमी दुखेल. "मास्तर गावाला गेले?" म्हटलं.

"गेले," ती म्हणाली. कसे गेले ते तिच्या तोंडावरून कळलं. पुढे विचारलं नाही.

२४ मार्च

लावणी झाली. दोन वाफे. तळाला वाळका पाला, वर कुजलेलं खत, वर माती. मी घमेली ओतत होतो आणि ती स्टुलावर बसून उजव्या हातानं सारखं करत होती. मनगटापर्यंत हात आत. वीतभर खोल, वीतभर अंतर. पुठ्ठ्यावरून एकेक बटाटा उचलून ठेवायची आणि प्रत्येकाला दम द्यायची — "वर बघ. वर. वर बघ म्हणते ना!" पोस्टमन कुंपणावरून म्हणाले, "ताई, बटाटे आहेत, प्रवासी नाहीत." ती हसली. किती दिवसांनी!

मीही हसलो. आणि मग आठवलं.

तसं बघितलं तर ती माझी किडनी घेणारच नाही. विचारलं असतं तरी नकोच म्हणाली असती. "तुझ्या वयाला कसली कापाकापी, दादा?" — असंच म्हणेल ती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणजे मग न सांगून काय बिघडलं?

१३ एप्रिल

उगवले! अकरा कोंब. गडद हिरवे, चुरगळलेल्या कागदासारखे. तिनं मला हाक मारून बोलावलं.

१९ एप्रिल

बाईंचा फोन. "काही ठरलं का?" विचार करतोय म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आम्ही घाई करत नाही. फक्त ताईंकडे फार वेळ आहे असं समजू नका."

फोन ठेवला तर बारकी मागे उभी. "कोणाचा?"

"वखारवाल्याचा."

"तो बरा आठवण ठेवतो तुझी," म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. दिवसभर ते वाक्य उलटसुलट करत बसलो, त्यात टोमणा होता का म्हणून.

३ मे

भर घातली. रोपं हातभर झाली की त्यांना शेंड्यापर्यंत मातीत गाडायचं, फक्त वरची पानं बाहेर. पुन्हा वाढली की पुन्हा गाडायचं. पोस्टमन म्हणतात, जेवढं खोड मातीत तेवढे बटाटे जास्त. मातीला जागा हवी म्हणून वाफ्यांवर मी आणखी एकेक फळी चढवली. बारकीला आता हात वर करून काम करावं लागतं, लवकर दमते. स्टुलाचे पाय वाढवून दिले.

काम चांगलं झालंय. माझ्या हाताला अजून गुण आहे. जिभेलाच नाही.

१४ मे

फिस्टुला बंद पडला.

तिच्या त्या शिरेवर बोट ठेवलं की मांजराच्या पोटावर ठेवल्यासारखी घरघर लागते. ती लागतेय म्हणजे रक्त वाहतंय. रोज सकाळी ती स्वतः बघते. आज माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. "दादा, बघ रे. मला लागत नाहीये." मीही बघितलं. मलाही नाही लागली.

हॉस्पिटल. चार तास. गुठळी निघाली नाही. गळ्यात नळी घातली, तिच्यातून डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, ही नळी फार दिवस ठेवता येत नाही, दुसऱ्या हाताच्या शिरा बारीक आहेत, हृदयही थकलंय. मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, "नात्यात देणारं कोणी आहे का? असेल तर आत्ताच बोला."

मी जमिनीकडे बघत होतो. पांढऱ्या फरशा, दर चौथी फुटकी.

बारकी म्हणाली, "एक भाऊ आहे. पण त्याचं जमण्यासारखं नाही."

असं म्हणाली. माझ्या देखत. मला सांभाळून घेऊन! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. फरशी काही दुभंगली नाही. मी तिची पिशवी उचलली आणि मागोमाग निघालो.

१५ मे

आज प्रत्यारोपण विभागाच्या दारापर्यंत गेलो. हँडल धरलं. परत आलो.

मला भीती वाटते. दुसरं काही कारण नाही, उगाच कशाला लपवा! बाबा अपेंडिक्सला चालत गेले होते. मी चौदाचा. आत जाताना चपला काढून माझ्या हातात दिल्या, म्हणाले, "धर, आलोच." दुपारपर्यंत धरून बसलो. मग आत्या आली आणि तिनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, तेव्हा कळलं. बारकी तेव्हा सात वर्षांची, घरी होती. तिला हे आठवत नाही. मला अजून त्या चपलांचा अंगठा दिसतो, झिजलेला.

सत्तेचाळीस वर्षं झाली. माणसं आता असल्या ऑपरेशनातून आठवड्यात घरी येतात म्हणे. सगळं कळतं. हँडल खाली दाबलं जात नाही.

२८ मे

फुलं आली. पांढरी, मधे पिवळा ठिपका. बारकीनं एक तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवलंय. गळ्यातल्या नळीला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून चौदा दिवस डोक्यावरून आंघोळ नाही तिला. "मी वास मारतेय, फूल तरी बरं दिसू दे."

११ जून

करपा!

आठवडाभर ढग, दमट, वारा नाही. काल संध्याकाळी दोन पानांवर तपकिरी डाग होते, पाणी सांडल्यासारखे. आज सकाळी अर्धा वाफा. पानाखाली पांढरी बुरशी. पोस्टमन बघून म्हणाले, "आत्ता पाला कापा, आज, सगळा. उद्या खोडातून खाली उतरेल, मग बटाटे मातीतच सडतील. कापून जाळा, आणि तीन आठवडे हात लावू नका. साल घट्ट होऊ दे."

मी म्हटलं, दोन दिवस बघू, ऊन पडेल.

बारकी चिडली. "काय बघायचं? दिसत नाही का तुला? सगळं तू बघूच म्हणतोस!" कात्री घेऊन स्वतःच उठली. गळ्यात नळी, त्यावर रुमाल, आणि सपासप कापत सुटली. अडीच महिन्यांची वाढ तासाभरात खाली. मी ओढून ओढून कोपऱ्यात ढीग केला. शेवटी नुसती वीतभर खुंटं उरली. ती स्टुलावर बसून धापा टाकत होती. म्हणाली, "निदान खालचं तरी वाचेल."

१२ जून

"सगळं तू बघूच म्हणतोस." झोप नाही.

१८ जून

परवा पहाटे तिला दम लागला. फुप्फुसात पाणी. हॉस्पिटलात दोन दिवस झाले. आता बरी आहे, म्हणजे बोलते. उशीला टेकून बसली होती. मी सफरचंदाची फोड देत होतो. म्हणाली, "पुढच्या वर्षी तिथं बटाटे नको हं. करपा मातीत राहातो. टोमॅटोही नको, एकाच जातीतले. शेंगा लाव."

"शेंगा लावू," मी म्हटलं.

"हो. लाव."

लाव. लावू नाही. ती तिकीट खिडकीतली बाई आहे, एक शब्द वाया घालवत नाही आणि एक चुकवत नाही. मी लावू म्हटल्यावरसुद्धा तिनं लाव म्हटलं.

फोड हातातच राहिली माझ्या.

२० जून

आणली घरी. उद्या सांगणार. ठरलं.

२१ जून

नाही सांगितलं.

२२ जून

पोस्टमन भेटले, म्हणाले ताई फार वाळल्या. मी त्यांच्यावर उगीचच खेकसलो. खाई त्याला खवखवे. नंतर जाऊन माफी मागितली. त्यांना वाटलं मी काळजीनं तसा झालोय. कसली काळजी! लोक मला देवमाणूस समजतात — बहिणीला सांभाळतो, वाफे करून देतो. आज एका बाईनं बसमध्ये तिला सांगितलं, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." बारकी म्हणाली, "हो ना." मला उडी मारून उतरावंसं वाटलं.

२ जुलै

आज काढणी. आणि सांगितलं.

कुदळ लावली नाही. बटाट्याला जखम नको. मी समोरच्या बाजूचे स्क्रू काढले आणि फळी अलगद पुढे पाडली. माती ढासळत आली आणि बटाटे तिच्यासोबत, आपोआप. बारकी स्टुलावर, मांडीवर टोपली. काही मुठीएवढे, काही गोट्या. वरच्या थरातले दोन उजेड लागून हिरवे झालेले — "हे टाक, विष असतं." तीनचार मऊ, वास येणारे. बाकी चांगले. करपा खाली पोचला नव्हता. तिच्या तोंडावर इतका आनंद होता! "आज एक खाणार मी. बारीक चिरून, दोनदा उकळून, पाणी फेकून. आहारवाल्या बाईंनीच सांगितलंय, तसं केलं तर कधीमधी चालतं. चव राहात नाही म्हणे. न राहू दे."

ती आनंदात होती म्हणूनच बहुतेक सहन झालं नाही. मी मातीत गुडघे टेकून बसलो होतो, तसाच बोललो. "बारके, मार्चमध्ये तू विचारलंस, जुळलं का. मी नाही म्हटलं. मी कोपऱ्याचं बोलत होतो. पण तुला वाटलं किडनीचं, आणि मी वाटू दिलं. जुळतं. माझी तुला जुळते. त्या दिवसापासून माहीत आहे मला."

ती हातातल्या बटाट्यावरची माती अंगठ्यानं पुसत होती. पुसून झाली तरी पुसत राहिली.

"मी फळ्यांचं विचारत होते, दादा," ती म्हणाली.

मला कळेचना.

"सकाळपासून त्या कोपऱ्याला शिव्या घालत होतास. म्हणून विचारलं, जुळलं का."

"पण फोन —"

"कसला फोन? मी नळाखाली भांडी घासत होते."

"मग संध्याकाळी रडत का होतीस?"

"मास्तर गेल्याचं कळलं होतं."

आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "आणि बिनसाखरेचा चहा?"

"साखर तपासून आलास. मग आठवडाभर तोंड पाडून बसलास. मला वाटलं, निघाली, सांगत नाहीये. म्हणून तर कधी तुला विचारलं नाही. साखर असलेल्याची किडनी घेत नाहीत. डॉक्टरांना म्हटलं ना तुझ्यासमोर, त्याचं जमण्यासारखं नाही म्हणून."

म्हणजे तिला काही माहीतच नव्हतं. ज्या खोट्यानं मला साडेतीन महिने जाळलं, ते तिच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं. मी ते स्वतः उचलून आज तिच्या पुढ्यात ठेवलं.

मग ती बोलली, अगदी हळू. "माझा हात बंद पडला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"नळी घातली तेव्हा."

"हो."

"मी तिथं छातीत पाणी भरून मरत होते तेव्हा."

मी मान हलवली. तिनं टोपली खाली ठेवली, फळीला धरून उठली, आत गेली. खोलीला कडी लागल्याचा आवाज आला. मी अंधार पडेपर्यंत उरलेले बटाटे गोळा करत बसलो.

३ जुलै

एक शब्द नाही. ताट दाराशी ठेवलं, तसंच होतं.

४ जुलै

डायलिसिस. बसमध्ये माझ्या शेजारी जागा होती. ती पुढे जाऊन बसली. मी तिच्या पाठीकडे बघत गेलो, बघत आलो. रागावली, तिचा हक्कच आहे. पण आज ना उद्या येईल आणि म्हणेल, जाऊ दे दादा, तू कशाला जीव धोक्यात घालतोस. मग मी हट्ट धरीन, ती नको म्हणेल. तसंच होईल. नेहमी तसंच होतं आमचं.

६ जुलै

सकाळी सातला माझ्या दारात उभी. साडी नेसून तयार, काखेत हॉस्पिटलची फाईल.

मी चटकन उठलो. "बारके, मला माफ —"

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "मला जगायचंय. दे."

आठच्या बसनं निघतोय.